झरोक्याची काच

बाथरूमच्या झरोक्यात लेकानं कोंबलेला टॉवेल आजी रोज उपसून काढायची. "गॅस गिझरचा विषारी वायू कोंडतो रे. त्याला वासही नसतो. आमच्या शेजारी शेगडी पेटवून, दार लावून झोपलेले नवराबायको उठलेच नाहीत." "आई, किती वर्षं तीच गोष्ट? पोरगी थंडीनं कुडकुडते." पालथ्या घड्यावर पाणी. वैतागून लेकानं काल झरोक्याला काच बसवून घेतली. आज नात आंघोळ करून भिंत धरत बाहेर आली. "आजी, डोकं गरगरतंय." "उपाशीपोटी आंघोळ केली की होतं असं," पेपरातून तोंड न काढता बाप म्हणाला. आजीच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं नातीला मोकळ्या हवेत बसवलं, गॅस बंद केला आणि बत्त्यानं काच फोडली. लेक धावत आला. "अगं, कालच बसवली होती." "मग त्याच माणसाला परत बोलाव, गिझर बाहेर काढायला."