तळाचा कप

कबरीच्या तळाशी माती खरवडताना वेन्हुईचं खुरपं टणकन वाजलं. एनॅमलचा हिरवा कप वर आला, मुद्दाम उपडा ठेवलेला. ती तिथेच मांडी घालून बसली.

पिवळ्या नदीकाठच्या या प्राचीन दफनभूमीत एवढी एकच कबर कुणी उघडलेली नाही, असं तिला पुरातत्त्व शिकवणाऱ्या शेन सरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ती जुन्या वस्तूंनी भरलेली निघाली, तरच दफनभूमीवरून जाणारा महामार्ग वळणार होता. सरांच्या तरुणपणीच्या उत्खननाचे नकाशे केव्हाच जळून गेलेले. उरली होती ती त्यांची आठवण. खोदून झालेली कबर बुजवण्याआधी तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढच्यांची मेहनत वाचते, हेही त्यांनीच तिला शिकवलेलं. कपावर त्यांचंच नाव होतं.

तिनं फोन लावला. नव्वदीतले सर वाटच बघत होते.

"काय सापडलं?"

"तुमचा कप, सर."



"गंजलाय का गं?"

"थोडासा."

"असू दे. तिथेच ठेव परत. पुढचे येतील, त्यांना कळायला हवं."

वेन्हुईनं वर पाहिलं. खड्ड्याच्या काठाशी रस्त्याचे रोलर येऊन उभे होते. उद्यापासून इथे डांबर पडणार होतं.

"हो सर," ती म्हणाली. तिनं कप होता तसाच उपडा ठेवला आणि हातानंच माती लोटायला घेतली.