आधी रोग्यानं खायचं

"कुठं दुखतंय?" भागीनं विचारलं, आणि आसियानं अंदाजानंच छातीच्या डाव्या बाजूला हात नेला.

दुखत कुठंच नव्हतं. सोंग आणायची तिला सवय नव्हती, आणि त्यात समोर भागी. डोंगरातल्या वाडीवरची ही म्हातारी नुसता हात ठेवून दुखणं काढते, अशी कर्जतपासून खालापुरापर्यंत तिची ख्याती. आपली लबाडी तिच्या हाताला कळली तर? आसियानं डोळे गच्च मिटून घेतले.

पण करणार काय? तिचा नवरा शब्बीर याची बाजारात लाकडाची वखार होती. गेल्या आठवड्यात घरी आल्या आल्या त्यानं सांगितलं होतं, की आपल्याकडे मोळ्या घेऊन येते ना ती भागी, तिचा तरणाताठा मुलगा पोशा झाडाखाली सापडून गेला आणि म्हातारीनं अन्नच टाकलं. कुणी जेव म्हटलं की म्हणते, मला भूक नाय. गावातल्या डॉक्टर चौबळांनीही हात टेकले. जिला जगायचंच नाही तिला माझी बाटली काय करणार, म्हणाले.

आता एकच वाट होती. रोग्याला हात लावण्याआधी भागीला खावंच लागे. उपाशी हाताला गुण येत नाही, हा तिच्या घराण्याचा नेम. पण सुतकातल्या बाईला बोलावणार कोण? कुणी तरी आजारी पडायला हवं, असं शब्बीर पुटपुटला.

"मी पडते," आसिया म्हणाली.

उन्हाळ्यात तिची तान्ही मुनिरा गोवरानं गेली होती. पोटचं पोर जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

नेमाची उरलेली गोष्ट मात्र भागीनं घरात आल्यावरच सांगितली. "आदी रोग्यानं खायाचं. तू खाशील तेवडंच मी खानार, पोरी."

आसियाच्या अगदी जिवावर आलं. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. कशीबशी पाव भाकरी तिनं गिळली, तर भागीनंही पावच मोडून घेतली आणि हात धुऊन मोकळी झाली. एवढ्याशानं म्हातारी तग कशी धरणार? दुसऱ्या दिवशी आसियानं नेट लावून अर्धी संपवली. भागीनंही मुकाट अर्धी खाल्ली.

जेवण झालं की भागी तिला चटईवर निजवी. तळवे एकमेकांवर चोळी आणि तिच्या छातीवर नुसते ठेवून बसे. ना मंत्र, ना अंगारा. हळूहळू ती ऊब आत उतरे. जिथं दुखतच नाही तिथं बरं कसं वाटतं, याचं आसियाला मोठं नवल वाटे. एकदा तर तिला एकाएकी रडू कोसळलं. मुनिरा गेल्यापासून ती रडलीच नव्हती. रडं थांबेपर्यंत भागीनं हात काढला नाही. आसियानं पोशाचं नाव काढलं की मात्र ती तोंड फिरवी. जखम अजून ओली आहे बिचारीची, असं म्हणून आसिया विषय सोडून देई.

अधूनमधून डॉक्टर चौबळ डोकावून जात. आसियासाठी त्यांनी दिलेल्या शक्तीच्या औषधाची बाटली फळीवर तशीच भरलेली असे. ती पाहूनही ते रागवत नसत. हातात खरंच काही असतं का, असं तिनं त्यांना एकदा विचारलं.

"ऊब असते, एवढं मला मोजून सांगता येईल," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढचं माझ्या पुस्तकांत नाही. उद्या कुणाला सापडलं, तर मी भांडायला जाणार नाही."

भागीला गोडी लागावी म्हणून आसिया सुके बोंबील भाजू लागली. कधी चिंबोऱ्यांचं कालवण करी, कधी नारळाच्या दुधातला भात. म्हातारीच्या पोटात दोन घास जास्त जावेत म्हणून स्वतः एक भाकरी खाई, मग सव्वा, मग दीड. शेजारची गौराबाई थट्टेनं म्हणाली, काय गं, बाळसं धरलंस की! आसियाला शरमल्यासारखं झालं. दुसरीच्या दुःखावर आपण असं पोसावं, हे काही बरं नव्हे.

दिवाळीच्या सुमारास भागी यायची थांबली. चार दिवस झाले तरी पत्ता नाही. आसियाला चैन पडेना. वाडीवर उपाशी पडली असेल, तिला तिथं विचारतंय कोण? शब्बीर कल्याणला गेला होता. वखारीची बैलगाडी लाकडं आणायला त्याच वाटेनं निघाली होती. आसियानं भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि गाडीवान मोरूला म्हणाली, मीही येते. मोरू चाचरला. शेठना विचारल्याबिगर कसं न्यायचं, म्हणाला. ती कसली ऐकते! सरळ गाडीत चढून बसली. वाटभर तिनं एकच मागणं मागितलं, की अल्ला, ती जिवंत भेटू दे.

भागीच्या झोपडीपुढं एक दांडगा जवान लाकडं फोडत होता. आसियाला पाहताच त्यानं कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि लगबगीनं घोंगडी अंथरली.

"भागीबाय कुठंय?" तिनं धीर करून विचारलं.

"आई भात झोडाया गेलीय. पोटभर जेवून गेलीय, येईल इतक्यात." त्यानं तिच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "तुमी वखारीच्या आसियाबाय न्हवं? मी पोशा, तिचा ल्योक."

आसिया मटकन घोंगडीवर बसली.

"शेठनी तुमाला सांगितलं, मी मेलो म्हनून," तो ओशाळं हसला. "आई बोलली, खोटं मरान आयुक्ष वाडवतं."

आतून त्यानं पाण्याचा तांब्या आणला, तिच्यापुढं ठेवला आणि जरा दबकतच विचारलं,

"आता तुमी जेवता न्हवं, बाय?"