व्हिटफर्डांचं बायबल

रविवारची प्रार्थना आटोपून अमेरिकेतल्या केंटकीतलं व्हिटफर्ड कुटुंब जेवायला बसलं, तेव्हा निवृत्त न्यायाधीश एल्मरनी घराण्याचं जाडजूड बायबल टेबलावर आणून ठेवलं. त्याच्या शेवटच्या पानांवर सात पिढ्यांची वंशावळ होती. सगळे वकील, न्यायाधीश, आमदार. प्रत्येकानं याच पुस्तकावर डावा हात ठेवून आणि उजवा उंचावून शपथ घेतली होती. फक्त एल्मरच्या लेकीच्या, लुसिंडाच्या नावापुढची शपथेची जागा कोरी होती. ती खडकांचा अभ्यास करायची.

"नातीचं नाव लिहू ना गं?" एल्मरनी पेन उघडलं.

"नको, डॅडी. तिला आधी मान तर धरू दे."

"तू तरी अजून कुठं ऐकायला शिकलीस?"

"शिकणारही नाही. तिचं नाव या पानावर येणार नाही."

एल्मरनी पेन खाली ठेवलं. ते नातीकडे बघत होते.

लुसिंडाच्या मांडीवरच्या पाच आठवड्यांच्या नोराचा डावा तळवा बायबलवर सपाट टेकला होता. उजवा हात सरळ वर होता, बोटं जुळलेली.

लुसिंडानं तो खाली केला. तो पुन्हा वर गेला. तिनं घड्याळ लावून पाहिलं. दोन मिनिटांत तो जरासुद्धा थरथरला नाही.

"राहू दे तिला," एल्मर हळूच म्हणाले.

"नाही राहू देणार."

नोराला उचलून ती दाराकडे निघाली. इवल्या तळव्याला चिकटून बायबलही टेबलावरून उचललं गेलं.

लुसिंडा थांबली नाही.