नानांची डबी

रेवतीने सासऱ्यांच्या पुढ्यात मऊ भाताची वाटी ठेवली. नाना खांबेट्यांना एवढंच म्हणायचं होतं, की मीठ जरा कमी पडलंय. पण अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेल्यापासून त्यांच्या मनातलं बोलून दाखवणारी गळ्यातली डबी कडाडली, "जमत नाही तर करता कशाला? लाज वाटत नाही?"

रेवती आत निघून गेली. या घरात नानांचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

"डबी बिघडलेली नाही, नाना," दुपारी आलेला तंत्रज्ञ म्हणाला. "तुम्ही आजवर नेटवर जे लिहिलंत, त्यातलीच वाक्यं ती उचलते. टोपणनावाने लिहिलेलीसुद्धा. नवीन लिहाल, तसं तेही शिकेल."

ते वाक्य नानांनी केव्हाच ओळखलं होतं. स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकणाऱ्या कुणा बाईंच्या आमटीखाली ते लिहून नाना खुशाल चहा प्यायला उठले होते.

संध्याकाळी त्यांनी तो व्हिडिओ शोधून काढला. त्यानंतर बाईंनी एकही व्हिडिओ टाकलेला नव्हता. डाव्या हाताच्या एका बोटाने, खऱ्या नावानिशी, तासभर खपून नानांनी तिथे दोन ओळी लिहिल्या.

दुसऱ्या दिवशीही भात अळणीच होता. नानांनी मनातल्या मनात मीठ मागितलं. डबी जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, "ताई, माझं चुकलं. मनाला लावून घेऊ नका."

रेवतीचा वाढता हात थांबला. मग ती तिथेच, त्यांच्यासमोर बसली.

नानांनी वाटीभर भात अळणीच खाल्ला.