डहाळीमागचं आभाळ

दुपारी दोन वाजता मिनेओ कुवाहारा यांनी बायकोपुढे, साचिएपुढे, कॅमेऱ्याचं कार्ड ठेवलं. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनासाठी फोटो पाचच्या आत पाठवायचा होता. आजवर त्यांचा एकही फोटो तिथल्या भिंतीवर लागला नव्हता.

साचिएचा जन्म छापखान्यात फोटो सुधारण्यात गेला होता. तिने फोटो पडद्यावर मोठा केला. देवदारांच्या काळोख्या रानात घरट्यावर स्वर्गीय नर्तक पक्षी, लांब शेपटी खाली सोडलेली. काठावर पिल्लांच्या चोची. मागे मात्र पांढराफेक उजेड. नजर पक्ष्यावर ठरतच नव्हती.

"तेवढं मागचं काळं कर," मिनेओ म्हणाले. "पक्ष्याला धक्का लावू नकोस."

"आता तुम्ही शिकवा मला."

तिने त्याच घरट्याचा रविवारचा फोटो शेजारी उघडला.

"अहो, इथे पानं होती."

"काल वारा होता."

"कात्री घेऊन आला होता?" तिने फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फांदीचं तिरकं कापलेलं टोक ताजं, पिवळट दिसत होतं.

मिनेओ चष्मा पुसू लागले. "ओकुमुरासान म्हणाले, पक्ष्याच्या तोंडावर सावली येतेय, वरची डहाळी काढू या. मंडळात सगळ्यांत मोठे ते. कोणीच काही बोललं नाही."

"आणि तुम्ही?"

"सगळे गप्प, मग मीच कशाला वातावरण बिघडवू?" मग हळूच म्हणाले, "शिडी मी धरली होती."

साचिए कामाला लागली. रविवारच्या फोटोतली पानं उचलून तिने उजेडावर पसरली. पक्षी पुन्हा सावलीत बसला. असा फोटो मिनेओंनी कधीच काढला नव्हता.

"घ्या. इथलं झालं," ती म्हणाली. "तिकडे वरून कावळ्यांना काय दिसतंय?"

मिनेओ उठले. त्यांनी कोठीतलं हिरवं जाळीचं कापड आणि दोरी काढली.

"शिडी ओकुमुरासानकडे आहे," ते दारात थबकले. "कशाला हवी म्हणून विचारतील."

"मग सांगा."

पाच वाजून गेले. फोटो गेला नव्हता. सहाच्या सुमारास रानातून मिनेओंचा फोन आला. ओकुमुरासाननी शिडी दिली होती, पण ते स्वतः आले नव्हते. घरट्याच्या वर कापड बांधून झालं होतं. नर आणि मादी समोरच्या झाडावर होती, दोघांच्याही चोचीत किडे. घरट्याकडे अजून दोघांपैकी कोणी गेलं नव्हतं.