संपातली एक होडी

"गद्दार!"

हा शब्द पहिल्यांदा उच्चारला एवॉनने, आणि एवॉन मॅट्रोनाचा सख्खा मामा होता.

तिने मान वर केली नाही. पिकअपच्या हौद्यातल्या पोलादी गोळ्यावर तिने ट्रेलरची मान बसवली, खिट्टी अडकवली आणि ती खरोखर अडकली आहे ना, हे जॅक लावून, ट्रेलर किंचित उचलून पाहिले. मग साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या ओढून घेतल्या. ट्रेलरवर कंपनीची बत्तीस फुटी होडी होती. तिच्या अंगाने रस्त्याच्या दोन्ही बाजू भरून जाणार होत्या.

आवारातल्या बाकीच्या होड्या लाकडी ठोकळ्यांवर कोरड्या उभ्या होत्या. मासे डब्यांत भरणाऱ्या कंपनीने ऐन हंगामाच्या तोंडावर सॅमनचा भाव पाडला, तेव्हापासून अलास्काच्या या किनाऱ्यावर एकाही मालकाने आपली होडी पाण्यात उतरवली नव्हती. कंपनीच्या मते संप ही भावनिक बाब होती. कंपनी भावनांचा आदर करीत असे. म्हणूनच तिने सिअ‍ॅटलहून, कसलीही भावना नसलेला एक नावाडी विमानाने मागवला होता. एक होडी पाण्यात गेली की उरलेल्यांचा धीर सुटेल, हे कंपनी जाणत होती. संपकरीही जाणत होते. वाटाघाटींत उभयपक्षी एकमत झालेला तेवढाच एक मुद्दा होता.

"आमच्याच धुरीघरात सुकवलेला मासा खाऊन मोठी झालीस ना गं?" कुणीतरी ओरडले.

"गाडी झकास आहे हो! आता दारावर कंपनीचं नाव तेवढं रंगवून घे!"

"तुझी आई गेली ते बरं झालं," एवॉन म्हणाला. "हे बघायला नाही राहिली."

मॅट्रोनाचा हात होडी बांधायच्या पट्ट्यावर क्षणभर थांबला. मग तिने तो पट्टा आणखी एक दात आवळला.

कंपनीचे मुकादम हॅल्वर्सन पुढच्या आसनावर येऊन बसले. "चल चल. नदी काही तुझी वाट बघत बसणार नाही."

"दिवे बघायचेत साहेब."

"उजेड ढीगभर आहे!"

तिने दिवे पाहिले. ट्रेलरचे ब्रेक पाहिले. मग गाडी निघाली, इतकी सावकाश, की संपकऱ्यांना तिच्याबरोबर चालत शिव्या देता आल्या. गिट्टीच्या रस्त्यावर पहिल्या चढानंतर ती थांबली, उतरली आणि प्रत्येक चाकाच्या मध्यावर तळवा टेकवून ते तापले आहे का, हे पाहून आली.

"आता काय?" हॅल्वर्सन खेकसले.

"मागे एवढं वजन आहे साहेब. मी घाई केली तर ते माझ्या पुढे जाईल."

हॅल्वर्सन हसले नाहीत. उतार आला तेव्हा तिने खालचा गिअर टाकला आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने वेगळा दाबत, पावलापावलाने, होडी नदीकाठी आणली.

भरती माथ्यावर होती. ती थोडाच वेळ टिकणार होती. इथली नदी मागे सरकते तेव्हा काठावर पाणी ठेवीत नाही, नुसता चिखल ठेवते.

तिने गाडी वळवली. होडीची पाठ पाण्याकडे आली. होड्या पाण्यात सोडायच्या उताराच्या दोन्ही कडांना संपकरी उभे राहिले. शिव्या संपल्या होत्या. काही बायका रडत होत्या. हॅल्वर्सन उतरून मागे गेले आणि हाताने पाण्याकडे खूण करू लागले. "ये! ये! सरळ ये!"

मॅट्रोनाने खिडकीची काच खाली केली. ती बोलली मुकादमांशी, पण आवाज मात्र पार नदीपलीकडे जाईल एवढा लावला.

"साहेब, मागे घेते आहे! नियम लक्षात आहे ना? कुणीही हात वर केला की मी जागच्या जागी थांबणार! कुणीही! तो कोण आहे, हे मी विचारणार नाही!"

नियम कंपनीचाच होता. मागल्या हंगामात याच उतारावर एक माणूस ट्रेलरखाली गेला. काठावरचे लोक हात हलवत राहिले आणि चालक, त्याला सांगितले होते त्याप्रमाणे, फक्त मुकादमांकडे पाहत राहिला. कंपनीने मृताच्या घरी फुले पाठवली आणि चालकांसाठी सुरक्षेवर व्याख्यान ठेवले. व्याख्याते हॅल्वर्सन होते.

गाडी मागे सरकू लागली. ट्रेलरची मागची चाके पाण्यात शिरली.

एवॉन आरशात दिसत होता. त्याने तिच्याकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले, मग पुन्हा तिच्याकडे. त्याचा चेहरा सावकाश बदलला.

त्याने हात वर केला.

गाडी थांबली.

"ए म्हाताऱ्या, हात खाली!" हॅल्वर्सन धावले आणि त्यांनी तो हात धरून खाली ओढला. तोवर पलीकडच्या कडेला एका बाईने हात वर केला होता. ते तिच्याकडे वळले. पाठीमागे आणखी चार हात उठले. मग कडेकडेने सगळेच उठले, मुलाला काखेत घेतलेल्या आईचा मोकळा हातसुद्धा. होडीत आधीच चढून बसलेला सिअ‍ॅटलचा नावाडी हे सगळे पाहत होता. त्याला उतरायला शिडी कुणी दिली नाही.

मॅट्रोनाने इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. हात खाली आले नाहीत. एक दमला की शेजारचा दोन्ही वर करी. पाणी ट्रेलरच्या चाकांवरून उतरले, उतारावरून उतरले, आणि होडीच्या मागे ओला राखाडी चिखल चकाकू लागला.

हॅल्वर्सन खिडकीशी आले. "एवढंच करायचं होतं तर काल नाही म्हणायचं होतंस! पलीकडच्या गावातून दुसरा ड्रायव्हर आणला असता मी!"

"हो ना," मॅट्रोना म्हणाली. "तो थांबला नसता."