बारवेचा फितूर

जेसीबी पोचायच्या आधीच बायका घागरी घेऊन बारवेच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. दुसऱ्यांदा हात हलवत परतावं लागलं, तेव्हा नगरसेवक गौरीशंकरच्या मनात पाल चुकचुकली. आपल्यातलंच कुणीतरी फितूर होतं.

सीमेवरच्या त्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस अर्धं गाव त्या जुन्या बारवेवरच. गौरीशंकरच्या आईनंही, कर्नाटकातल्या आळंदहून नांदायला आली तेव्हा, पहिली घागर तिथंच बुडवली होती. पण जागा पडली ऐन बाजारपेठेत. बुजवून वर गाळे काढले तर दोन पिढ्या बसून खातील, हे गौरीशंकरला दिसत होतं. बारव धोकादायक असल्याचा ठराव त्यानं गुपचूप उरकलाही होता. आता एका सकाळी, गावाला जाग यायच्या आत, माती लोटायची एवढंच उरलं होतं.

बेत ठाऊक होता तिघांना. नगरपरिषदेतला कारकून ईरण्णा, जोडीदार नगरसेवक माणिकप्पा आणि ठेकेदार महालिंगप्पा.

गौरीशंकरनं सापळा लावला. ईरण्णाच्या कानात सोमवार सांगितला, माणिकप्पाच्या कानात बुधवार. दोन्ही दिवस तो पहाटेच बारवेवर जाऊन आला. पायऱ्यांवर चिटपाखरू नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी महालिंगप्पा घरी आला. नेहमीसारखं दोघांचं बोलणं कानडीत सुरू झालं. शिवकांता, गौरीशंकरची बायको, माहेरची भूमची. तिकडं कानडीचा वाराही नाही, त्यामुळं घरात बोलायला धास्ती नव्हती. तिनं चहा ठेवला, बिस्किटं ठेवली.

"शुक्रवारी," गौरीशंकर म्हणाला. "उजाडायच्या आत. कुणाला बोलू नको."

"मी कशाला बोलू?" महालिंगप्पा बशीत चहा ओतत म्हणाला.

आतल्या खोलीतून आईनं हाक मारली. लकव्यानं म्हातारी अंथरुणाला खिळली होती, पण जीभ शाबूत होती. ताक अजून का आलं नाही म्हणून ती कानडीत करवादली. तिला दुसरी भाषा आयुष्यात जमली नाही. शिवकांता लगबगीनं ताक घेऊन आत गेली.

गुरुवारी रात्री अंथरूण घालताना शिवकांतानं विचारलं, "अहो, सकाळी आंघोळीचं पाणी लवकर ठेवू का?"

"ठेव," गौरीशंकर म्हणाला आणि कूस वळवून झोपला.

शुक्रवारी पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. या खेपेला बायकांनी पोरंबाळंही आणली होती.

गौरीशंकरचं डोकं फिरलं. त्यानं महालिंगप्पाला भर बाजारात धरलं.

"शुक्रवार तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक न्हवता!"

"येडा झालास का? मशिनी माझ्या, डिझेल माझं, आन् मीच गावाला सांगत फिरू व्हय?"

"मला बाजूला सारून गाळे एकट्यानं गिळायचा डाव हाय तुझा. लई दिवसांचा वळखतो मी तुला."

 महालिंगप्पानं जेसीबीवाल्याला खूण केली. "चल रं, फिरव माघारी. या माणसाचं काम पुन्हा करायचं न्हाय."

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दुसरा कुठलाच ठेकेदार त्या जागेला हात लावायला तयार होईना. गाळे गेले, वीस वर्षांचा दोस्तही गेला. गौरीशंकर सोप्यात डोकं धरून बसला. त्याला खरोखर रडू येत होतं.

शिवकांतानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"माणूस वळखायला चुकलो गं," तो म्हणाला. "आता तुझ्याबिगर कुणाचा भरवसा धरू?"

"आधी पाणी प्या. आत्यांना भरवून येते, मग तुमचं ताट वाढते."

ती ताट घेऊन आत गेली. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. आत दोघींचं रोजच्यासारखं खुसुखुसु हसणं सुरू झालं. अठरा वर्षं तो ते ऐकत आला होता. मग म्हातारीनं आवाज खाली आणून, कानडीत, सुनेला विचारलं, "कळलं का गं त्याला?"

"इल्लरी, अत्ती," भूमची शिवकांता घडाघडा कानडीत म्हणाली, "त्यांना अजून महालिंगप्पाच वाटतोय."